तान्हूबाईसाहेबांची विहीर आणि एक प्राथमिक साधन

ज्या समाजाला स्वतःचा इतिहास ठाऊक नसतो, त्या समाजातल्या मुलांना प्रकल्पाचे गुण मिळत नाहीत. हे सत्य आमच्या पनवेल परिसराला जरा उशिरा कळलं, पण कळलं तेव्हा असं कळलं की त्यातून थेट एक अभिलेखागारच उभं राहिलं. संस्थेचं पूर्ण नाव 'पनवेल परिसर शिक्षक-विद्यार्थी इतिहास साहाय्य अभिलेखागार व साधन केंद्र' असं आहे. (पाटीवर एवढं मावलं नाही. तिथे 'पनवेल परिसर शिक्षक' इथपर्यंतच आलंय, त्यामुळे अधूनमधून लोक शिकवणीची चौकशी करायला येतात.) मी या संस्थेचा मानद प्रसिद्धिप्रमुख. तेव्हा मी संस्थेबद्दल चांगलंच बोलणार, हे आधीच सांगून टाकतो.

पूर्वी काय व्हायचं? पोराला इतिहासाचा प्रकल्प मिळाला की आई संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून किल्ल्यांच्या चित्रांचा तक्ता आणायची, बाप ऑफिसातून चार पानं प्रिंट काढून आणायचा आणि मूल ते चिकटवायचं. मूल झोपलं असेल तर तेही आईच करायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग शाळांना वरून सूचना आली की, प्रकल्पात किमान एक 'प्राथमिक साधन' हवं. प्राथमिक साधन म्हणजे त्या काळातल्या माणसाने त्या काळात लिहिलेला कागद. झालं! करंजाड्यापासून सुकापूरपर्यंत हाहाकार उडाला. सात वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर, अठराव्या शतकातला कागद आणायचा कुठून? बहुतेकांच्या घरात बिल्डरच्या ब्रोशरपेक्षा जुनं काही नव्हतं. दोन-तीन पालकांनी तेच लावून पाहिलं, पण त्यातली बाग कधी अस्तित्वातच आली नसल्याने शिक्षकांनी ते काल्पनिक साहित्य ठरवलं.

अशा वेळी शैलेश खातू धावून आले. खातूसाहेब आमचे संचालक. त्यांनी उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली. ज्याच्याकडे कागद नाही तो माणूस मेला, असं त्यांनी कधी मान्य केलं नाही. मग त्याची बायको समोर बसून कितीही रडो. इतिहासाला असाच माणूस लागतो. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या पनवेलात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या मिळवल्या, चार लोखंडी कपाटं आणली आणि भूतकाळाची सोय लावायला घेतली.

सोयी म्हणाल तर विचारू नका. कागदाला घामाचा हात लागू नये म्हणून हातमोजे आहेत. जोडी एकच असल्याने एका विद्यार्थ्याला डावा आणि दुसऱ्याला उजवा देतात. पान उलटायला दोघांना एकत्र यावं लागतं, त्यातून सहकार्याची भावना वाढीस लागते. दर्शनी खोलीत फायबरचं सिंहासन आहे, त्यावर बसून फोटो काढता येतो. शिक्षकांसाठी एक खुर्ची आणि एक शिक्का. शिक्क्यावर 'साधन पाहिले' असं कोरलंय. तो वहीवर मारून घेतला की साधन पाहण्यात वेळ घालवावा लागत नाही. पहिल्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकसष्ट टक्क्यांनी सिंहासनावर फोटो काढला, बावीस टक्क्यांनी वायफायचा पासवर्ड विचारला आणि सोळा टक्क्यांनी टॉयलेट. उरलेल्या एक टक्क्याने कागद दाखवा म्हटलं. त्याच्याबद्दल शाळेला कळवण्यात आलं.

कागद कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हा जगभरच्या अभिलेखागारांना पडलेला पेच आहे. म्हणे त्यासाठी माणसं परदेशात जाऊन शिकतात. खातूसाहेबांनी तो एका वाक्यात सोडवला: पिवळा कागद कपाटात, पांढरा कागद रद्दीत. नियम असा सुटसुटीत असला की झाडूवालीलाही वर्गीकरण करता येतं (आणि तीच करते). गोऱ्या साहेबाच्या काळातले काही नकाशे जाड पांढऱ्याशुभ्र कागदावर होते. शंभर-सव्वाशे वर्षं उलटली तरी कागद पिवळा पडायचं नाव घेईना, तेव्हा आमचा संशय बळावला. ते रद्दीत गेले. एवढ्या काटेकोरपणे काम करणारी दुसरी संस्था रायगड जिल्ह्यात दाखवा आणि हजार मिळवा.

आता चहाबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे आठवीच्या मुलांना 'तुम्ही जुन्या काळातली व्यक्ती आहात अशी कल्पना करून पत्र लिहा' असा एक उपक्रम असतो. पत्र जुनं दिसायला हवं. त्यासाठी ते चहात बुडवतात. हे शास्त्र आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पूर्णत्वाला गेलंय. रविवारी दुपारी सुकापूरच्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभे राहा, नुसता उकळलेल्या पावडरीचा वास येतो आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून इतिहास वाळत असतो. फिका चहा म्हणजे इंग्रजी अंमल, कडक चहा म्हणजे पेशवाई, आणि त्याच्याही मागे जायचं असेल तर कॉफी. कडा गॅसवर जाळायच्या (हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, तरी गेल्या वर्षी बी-विंगमधल्या एका पडद्याने प्राचीन काळात प्रवेश केलाच). कागद वाळला की तो चुरगाळायचा, मग इस्त्री करायची. एवढं झाल्यावर त्यावर काय लिहिलंय हे सहसा कोणी वाचत नाही.

अनुष्काच्या बाईंनी मात्र वाचलं. अनुष्का सुकापूरच्या टॉवरमधली, वडील बेलापूरला नोकरीला, आई घरून काम करते. बाई म्हणजे आशालता ठोंबरे, वीसेक वर्षं इतिहास शिकवतात. 'पुरावा असेल तर बोल, नाहीतर खाली बस,' हे त्यांचं वर्गातलं आवडतं वाक्य. अनुष्काच्या बाकावर मंगळी बसते. मंगळी डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीतली, सुकापूरच्या पुढे टॉवर संपले की जो कच्चा रस्ता लागतो, त्याच्या टोकाला. एकदा शाळेची वनभोजनाची सहल तिकडे गेली होती, तेव्हा मंगळीने सगळ्या वर्गाला त्यांच्या विहिरीचं पाणी पाजलं होतं. ते अनुष्काला आवडलं. तिने पत्रात तेच घातलं.

पत्र असं होतं. सरदार भालेघाटकर यांच्या पत्नी तान्हूबाईसाहेब माहेरी लिहितात: 'घाट उतरोन पनवेलीस येत असता पळस्पियाचे फाट्यास पालखी चुकीचे वळणास लागली. फिरत फिरत डोंगराचे पायथियास आलो. येथील विहिरीचे उदक प्राशन केले. ऐसे गोड उदक घाटावर नाही, कोकणात नाही. मन येकदम फ्रेश जाहले.' (पळस्प्याचं तिला कसं सुचलं? गावाला जाताना तिचे वडील दरवेळी तिथेच चुकतात.) सरदार नव्हते, तान्हूबाई नव्हत्या, पालखी तर नव्हतीच. विहीर तेवढी होती. बाईंनी वीसपैकी सतरा गुण दिले, समासात 'फ्रेश?' असं पेन्सिलने लिहिलं, आणि पत्र चांगलं होतं म्हणून समासातलं खोडून ते आमच्याकडे विद्यार्थी-प्रदर्शनात पाठवलं.

प्रदर्शन आठवडाभर चाललं. मग खोली झाडायला घेतली. पांढरे कागद रद्दीत गेले, पिवळे कपाटात. यात कोणाची चूक आहे असं मला तरी वाटत नाही.

पुढच्या वर्षी कपाटातून ते पत्र खातूसाहेबांच्या हाती लागलं. पुण्याहून तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञांनी डावा मोजा घालून पत्र तपासलं. 'फ्रेश' हा फारसीतून दरबारी मराठीत आलेला शब्द असावा, असं त्यांचं मत पडलं. पळस्प्याला फाटा होता आणि तो तेव्हाही गोंधळात टाकणारा होता, हे प्रथमच सिद्ध झालं. त्या वर्षी परिसरातल्या आठवीच्या प्रकल्पांपैकी ब्याण्णव टक्के प्रकल्पांत तान्हूबाईसाहेबांचं पत्र प्राथमिक साधन म्हणून जोडलेलं होतं. शिक्षक खूश, पालक खूश. अभिलेखागाराने अध्यापनाला हातभार लावावा म्हणतात, तो याहून वेगळा कसा लावायचा असतो?

मग विहिरीचं संवर्धन करणं आलंच. समिती झाली, वर्गणी झाली. विहिरीला चहूबाजूंनी लोखंडी जाळी बसली, जाळीला दार, दाराला कुलूप. काठावर फायबरच्या तान्हूबाईसाहेब ओंजळीने पाणी पिताहेत. पाटीवर 'वारसा विहीर. पाण्यास स्पर्श करू नये' असं लिहिलंय. रात्री निळे दिवे लागतात. किल्ली खातूसाहेबांच्या खिशात.

वाडीला पाण्याची ती एकच विहीर होती. माघ लागला की ओढा आटतो आणि मग पावसापर्यंत प्यायला, रांधायला, गुराढोरांना, सगळ्याला तिचंच पाणी. आता वाडीतल्या बाया पहाटे उठून सुकापूरच्या बाजूला जिथे नवा टॉवर चाललाय तिथे जायच्या आणि वॉचमनच्या हातापाया पडून बोअरचं गढूळ पाणी आणायच्या. वॉचमन बदलला की विनवण्या पहिल्यापासून सुरू. वारशाची किंमत कोणालातरी मोजावी लागतेच, आणि ती नेहमी जवळच राहणाऱ्याला मोजावी लागते, कारण लांबच्याला येण्याजाण्याला वेळ लागतो.

मंगळी शाळेत रोज उशिरा येऊ लागली.

"का गं, रोजचंच झालंय तुझं?" आशालताबाईंनी एकदा विचारलं.

"बाई, पानी आनाया गेल्ते आईसंगं. आमची हीर बंद केलीय."

"कोणी बंद केली?"

"तान्हूबाईनी."

वर्ग खो खो हसला. अनुष्का हसली नाही. ती आता नववीत होती. मधल्या सुट्टीत ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि तिला रडूच फुटलं. "बाई, ते पत्र मी लिहिलंय हो. तुम्हीच सतरा मार्क दिले होते."

बाई त्या शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर अनुष्काला घेऊन आमच्याकडे आल्या. मी तिथे होतो, म्हणून जे झालं ते सांगतो. खातूसाहेबांनी दोघींना पाणी दिलं (बिसलेरी), मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाळ," ते म्हणाले, "तू लिहिलंस म्हणतेस. पुरावा?"

अनुष्काने दप्तरातून वही काढली. वहीत पत्राचा कच्चा मसुदा होता, पेन्सिलने, खाडाखोडीसकट. खातूसाहेबांनी तो चष्मा लावून वाचला, मूळ पत्राशी ताडून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! शब्दन् शब्द उतरवून घेतलायस. आमच्या साधनाचा इतका बारकाईने उपयोग आजवर एकाही विद्यार्थ्याने केला नव्हता." आणि तिथल्या तिथे त्यांनी तिला 'उत्कृष्ट साधन-उपयोग' प्रमाणपत्र लिहून दिलं.

"साहेब, अहो, वास घेऊन तरी बघा," बाई काकुळतीला आल्या. "चहाचा वास येतोय त्या कागदाला!"

खातूसाहेबांनी वास घेतला. त्यांनी मला बोलावलं, मीही घेतला. येत होता. वेलचीसुद्धा होती. मग खातूसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे भालेघाटकरांच्या घरात चहा होता. बाई, तुम्हाला कळतंय का हे केवढं मोठं आहे?" 'पेशवाईतील चहापान: एक नवा प्रकाश' हा त्यांचा लेख तिथेच जन्माला आला. आशालताबाईंचं नाव त्यांनी आभारात घातलंय. माणूस किती दिलदार असावा!

बाईंनी मग वेगळा मुद्दा काढला. पत्र खरं असो नाहीतर खोटं, वाडीला पाणी तरी भरू द्या. खातूसाहेब काही दगड नाहीत. त्यांनी नियमावली उघडली. नियम असा की, विहिरीवर ज्यांचा परंपरागत वापर कागदोपत्री दिसतो त्यांना मुभा आहे. या नियमान्वये तान्हूबाईसाहेबांच्या वंशजांना रोज दोन घागरी पाणी नेता येतं. (अद्याप कोणी आलेलं नाही. एका गृहस्थांनी आपण भालेघाटकर असल्याचं कळवलंय. त्यांचा अर्ज विचाराधीन आहे.) वाडीच्या वापराचा कागद आणा, उद्या किल्ली देतो.

पुढच्या आठवड्यात मंगळीची आई मालू स्वतः आली. वीटभट्टीवर खाडा करून आली होती. "साहेब, माजी आजी तितंच पानी भरायची," ती म्हणाली. "तिची आजी पन. हीर खनली ती आमच्याच मानसांनी. कागूद नाय आमच्याकडं. आमी हाव ना?"

तोंडी इतिहासाचं महत्त्व आम्ही जाणतो. त्यासाठी आमच्याकडे स्वतंत्र मौखिक इतिहास विभाग आहे (दुसऱ्या खोलीतलं तिसरं टेबल). मालूला सन्मानाने तिथे बसवलं, समोर रेकॉर्डर ठेवला. ती विहिरीचं सांगू लागली तसं खातूसाहेबांनी मध्येच हात वर केला. "पाण्याचं नको. एखादं गाणं असेल तर म्हणा. लग्नातलं वगैरे." मालू म्हणाली, घसा कोरडा पडलाय. ती नोंद आमच्याकडे सुरक्षित आहे. विद्यार्थी कधीही येऊन ऐकू शकतात, फक्त सेल त्यांनी आपले आणावेत.

इथून पुढे आशालताबाई जे वागल्या त्याचं समर्थन मी करणार नाही. वीसेक वर्षं पोरांना पुराव्याचं महत्त्व घोकायला लावणाऱ्या बाई रविवारी दुपारी अनुष्काच्या स्वयंपाकघरात बसल्या. सोबत अनुष्का आणि मंगळी. गॅसवर पातेलं. कागद तोच, पेन तेच, पावडर त्याच डब्यातली. मंगळीने सांगितलं, अनुष्काने लिहिलं आणि बाईंनी जोडाक्षरं तपासली. तान्हूबाईसाहेब आज्ञा करत होत्या: 'येथील वाडीच्या बायांनी आम्हांस पाणी पाजिले. तहानेल्यास विचारिले नाही की तू कोण. सबब या विहिरीचे उदक वाडीचे लोकांनी लेकराबाळांसुद्धा निरंतर भरावे. कोणी अडथळा करू नये.' लिहून झाल्यावर बाईंना हुंदका आला, असं अनुष्काची आई सांगते. (त्या वेळी तिची मीटिंग चालू होती, पण तिने म्यूट केलं होतं.)

कागद आमच्या कपाटात घालायला काहीच त्रास पडला नाही. बाईंनी तो टेबलावर विसरल्यासारखा ठेवला. झाडूवालीने पाहिलं, पिवळा होता, कपाटात गेला.

महिन्याभराने तो 'सापडला'. पुन्हा पुण्याचे तज्ज्ञ आले. बाई, मालू, मंगळी, अनुष्का, वाडीतली आणखी दहा-बारा माणसं, सगळी जिन्यात उभी. बायांनी येताना रिकामे हंडे आणले होते, किल्ली मिळाली की थेट विहिरीवर जायचं म्हणून. तज्ज्ञांनी मोजा घातला. कागद उजेडात धरला, कडा पाहिल्या, वास घेतला. वेलची. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. अक्षर जुळलं, शाई जुळली, चहा जुळला. मग तज्ज्ञांनी मोजा काढला आणि मान हलवली.

"बनावट आहे."

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"बाई, तीस वर्षं मी जुने कागद वाचतोय. सरदारांची पत्रं पाहिली, सावकारांची पाहिली, हत्तीच्या वैरणीचे हिशेब पाहिले. वाडीतल्या बायांना पाणी भरू द्या, असं एकाही कागदात कोणी लिहिलेलं नाही. जे कुठेच लिहिलेलं नाही ते इथेच कसं येईल? ज्याने हे रचलं त्याला इतिहास माहीत नाही."

बाईंचा तोल सुटला. "अहो, दोन्ही एकाच मुलीने लिहिलेत! ही काय समोर उभी आहे! एकाच पातेल्यातला चहा आहे हा!"

"असेल," तज्ज्ञ सौम्यपणे म्हणाले. "चहा एक असू शकतो. पण कागद कुणाबद्दल आहे, तेही बघावं लागतं ना?"

या तर्कापुढे आम्ही सगळेच नतमस्तक झालो. मालूने मंगळीला विचारलं, "काय बोलतान ग त्ये?" मंगळी म्हणाली, "आपून खोटं हाव." मग सगळी रिकामे हंडे वाजवत जिना उतरली. खालच्या हार्डवेअरवाल्याला वाटलं मोर्चा आलाय. त्याने शटर निम्मं ओढून घेतलं. आशालताबाईंना पुढल्या सत्रापासून शाळेने इतिहासाऐवजी कार्यानुभव दिलाय. तिथे पुराव्याचा प्रश्न येत नाही.

पण खातूसाहेबांना त्या रात्री झोप लागली नाही. कागद खोटा असला तरी हंडे खरे होते, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. चार दिवसांत त्यांनी योजना आणली: 'जिवंत इतिहास'. शनिवारी-रविवारी दुपारी तीन ते सहा वाडीतल्या बायांसाठी जाळीचं दार उघडतं. त्यांनी नऊवारी नेसायची (अभिलेखागारातर्फे), पितळी हंडे घ्यायचे (अभिलेखागारातर्फे, प्लॅस्टिकची कळशी आढळल्यास काळाचा भंग होतो), विहिरीच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचं, डोक्यावर हंडा घेऊन पायऱ्या चढायच्या, वर तान्हूबाईसाहेबांपाशी क्षणभर थांबायचं, फोटो झाला की परत खाली जाऊन पाणी विहिरीत ओतायचं आणि पुन्हा भरायचं. वारसा पातळी खाली जाता कामा नये. शाळांच्या सहली येतात, मुलं वहीत 'पूर्वीच्या स्त्रिया पाणी कशा भरत' याचं चित्र काढतात, शिक्षक शिक्का मारून घेतात. अभ्यासक्रमाशी इतकी थेट जोडलेली योजना दुसरीकडे सापडायची नाही. मंगळीही असते, तिला प्रकल्पात वीसपैकी वीस पडले.

"साहेब, येक हंडा तरी घरी नेऊ का?" मालूने पहिल्याच रविवारी विचारलं.

खातूसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नियमात एक फट ठेवली. शेवटचा पाहुणा सहाच्या आत गेला, तर त्या वेळी ज्या बाईच्या हंड्यात जे पाणी असेल ते तिचं. मात्र सहाला पाहुणे आवारात असतील तर पाणी विहिरीत, हंडे कपाटात, दाराला कुलूप. त्यामुळे साडेपाच वाजले की बायांची नजर फाटकावर असते. उन्हं कलतात, सहली बसमध्ये बसतात, रील करणारी पोरं निघतात. कोणी रेंगाळलं की मालू देवाला हात जोडते. पाहुण्यांना ते पारंपरिक वाटतं. बहुतेक लोक वेळेत जातातही. त्या दिवशी वाडीत दहा-बारा घरांत गोड पाणी येतं आणि मंगळी सोमवारी शाळेत वेळेवर असते.

गेल्या महिन्यात तुम्हीही आला होतात. नाही कसं? पुस्तक वाचणारी, मुलांना वारसा दाखवायला नेणारी माणसं या परिसरात अशी कितीशी आहेत! सहाला पाच कमी होती, आवारात तुम्हीच उरला होतात. तुम्हाला विहीर मनापासून आवडली, आपल्या मुलांना हे कळलं पाहिजे असं तुम्ही वहिनींना म्हणालात, ते मी ऐकलं. मालू भरला हंडा घेऊन शेवटची पायरी चढत होती. तुम्ही मोबाइल काढलात, फोटो घेतलात, बघितलात आणि अगदी गोड आवाजात म्हणालात, "ताई, हललाय हो जरा. पुन्हा एकदा ओतून भरता का?"

तिने ओतलं.